काचेवरचे पैलू

आपल्या भाषेने काचेवर थोडा अन्यायच केला आहे. माणसाची पारख करावयाची झाली की आपण 'हिरा तो हिरा आणि गारगोटी ती गारगोटी' असा निवाडा देऊन मोकळे होतो. काचेचा उल्लेख आला तर तो अब्रूच्या संदर्भात. एकदा तडकली की सांधत नाही, एवढेच सांगण्यापुरता. संस्कृत सुभाषितकारांनी काच आणि मणी यांना शेजारी बसविले तेही काचेला खालचा पाट देण्यासाठीच. वस्तुतः आपल्या घरचा व्यवहार ह्या निवाड्याच्या उलट आहे. मंगळसूत्रात सोन्याच्या वाट्या असतात खऱ्या, पण काळे मणी काचेचे असतात. आणि अडीअडचणीला सोने गहाण पडले तरी ते मणी गळ्यातच राहतात. गोव्यात लग्नाआधी वधूला चुडा भरतात तो काचेचा. हिंदू घरीही भरतात, ख्रिस्ती घरीही भरतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर आणि नेवाशाला जी उत्खनने झाली त्यांत सातवाहनकाळातले काचेचे मणी सापडले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय काचेचा इतिहास १९६९ साली ग्रंथरूपाने मांडला, तो अशाच मण्यांचा माग काढीत. तेव्हा काच आपल्याला परकी नाही. आपण तिला मान मात्र कधी दिला नाही.

ह्या विषयाकडे मी वळलो त्याला निमित्त झाले एका पेल्याचे. हरमलला गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाणारी, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशी वाट ज्यांनी पाहिली असेल त्यांना तेथील दुकानांची रांग आठवेल. कपडे, माळा आणि नाना तऱ्हेचे खडे तेथे मांडलेले असतात: चंद्रकांत, गोमेद, स्फटिक, अकीक, आणि ह्याच नावांनी खपणारी रंगीत काचही. आमच्या शाळेतील एका मुलाच्या घरी पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. तेथे काही दिवस राहून गेलेल्या एका जपानी गृहस्थाने निघताना घरच्यांना एक लहानसा पेला भेट दिला, आणि मुलाने तो टॉवेलात गुंडाळून शाळेत आणला. तळहातात मावेल एवढाच. बाहेरून गर्द निळा, आणि त्या निळाईत कोरलेल्या लख्ख बिनरंगी रेघा एकमेकींना छेदीत खाली बुडाशी जाऊन एका फुलात मिटलेल्या. खिडकीतल्या उन्हात धरला तेव्हा समोरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हें खरें काय फट?"

हे रत्न आहे की काच, असे तिला विचारावयाचे होते. काच आहे, एवढे मी सांगितले. पण 'फट' हा शब्द काही मला उच्चारवेना. का उच्चारवेना, त्याचा विचार करता करता बरेच वाचन झाले, आणि त्या वाचनात आपला गोवा व आपला महाराष्ट्र दोन्ही भेटले. ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

काच कापून तिच्यावर पैलू पाडण्याच्या ह्या कलेला जपानीत किरिको म्हणतात. टोकियोचे जुने नाव एदो. तेथली ती एदो किरिको. दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतात, म्हणजे कागोशिमा शहराच्या आसपास, जी वाढली ती सात्सुमा किरिको. मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे मी वस्तूआधी शब्दापाशी थांबतो, आणि येथे थांबण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या जपानीत काचेला दोन नावे होती, रुरी आणि हारी. रुरी म्हणजे आपले वैडूर्य. पालीतील वेळुरिय चीनमार्गे झिजत झिजत तेथे पोहोचले. हारी म्हणजे आपला स्फटिक. बौद्ध ग्रंथांबरोबर रत्नांची नावे गेली आणि ती जाऊन बसली काचेवर! नारा येथील शोसोइन ह्या आठव्या शतकातील भांडारात इराणातून गेलेला एक काचेचा वाडगा आजही जपलेला आहे. त्याच्या अंगावर सुमारे ऐंशी गोल पैलू कापलेले आहेत, आणि त्याला तेथे म्हणतात 'शुभ्र वैडूर्याचे पात्र'. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गेले आणि त्यांच्या 'विद्रो' शब्दाचे 'बीदोरो' झाले. हा शब्द आमच्या पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्यांना निराळा सांगावयास नको. पुढे डच आले. त्यांच्या भाषेतील हिऱ्याला जो शब्द आहे त्याचे 'गियामान' झाले, आणि कापलेल्या काचेच्या भांड्यांना जपानी लोक सरसकट गियामान, म्हणजे चक्क 'हिरा' म्हणू लागले. कारण काच कापावयाची ती हिऱ्याने, अशी समजूत होती. आताचा 'गारासु' शब्द रुळेपर्यंत काचेला काच असे त्या लोकांनी म्हटलेच नाही म्हणाना. किरिकोच्या नक्षीत एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांचा एक नमुना आहे, त्याचे नाव शिप्पो. शिप्पो म्हणजे सप्तरत्ने.

बीदोरो हा शब्द ज्या वाटेने गेला ती वाट गोव्याहून निघते. कागोशिमाचा एक रहिवासी अंजिरो हा १५४८ साली गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकत होता. त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाच्या किनाऱ्याला लागले. सात्सुमाचा तेव्हाचा अधिपती शिमाझु ताकाहिसा यांची त्यांनी भेट घेतली. शिमाझु हे घराणे वाचकांनी ध्यानात ठेवावे; तीनशे वर्षांनी ते पुन्हा येणार आहे. १५५१ साली यामागुचीच्या अधिपतीला झेवियर यांनी ज्या भेटी दिल्या त्यांत घड्याळ, बंदूक, आरसा, चष्मा यांबरोबर काचेची भांडीही होती. काच तर युरोपची, पण ओळखपत्र गोव्याच्या व्हाइसरॉयचे.

त्या काळचे गोवे म्हणजे रत्नांचाही बाजार. विजयनगर आणि गोवळकोंडा ह्या मुलखांतले हिरे येथे येत आणि जहाजांत बसून लिस्बनला जात. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचा वनस्पती व औषधद्रव्ये ह्यांवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात हिऱ्यावरही एक संवाद आहे. हिरा घणाखाली फुटत नाही ही जुनी समजूत त्याने त्यात निकालात काढली. औषधांच्या ग्रंथात हिरा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिऱ्याची पूड विषारी असते असाही लोकांचा ग्रह होता, तेव्हा वैद्याला त्यात लक्ष घालणे भागच होते.

आपले मणिकार रत्ने घासत ती सराणेवर. लाखेत कुरुंदाची पूड कालवून चाक बनवावयाचे, ते कमानीच्या दोरीने फिरवावयाचे आणि खडा त्याला टेकवावयाचा. हिऱ्याला मात्र हिऱ्याचीच पूड लागे. पैलू पाडण्याची आपली दृष्टी काटकसरीची होती. दगडाचे वजन शक्यतो घटू द्यावयाचे नाही, जेथे डाग असेल तेथे नेमका पैलू पाडून तो झाकावयाचा. युरोपात दृष्टी पालटली. वजन गेले तरी चालेल, तेज वाढले पाहिजे, असे तेथे ठरले. कोहिनूर इंग्लंडात गेला तेव्हा जुन्या मापाने १८६ कॅरट भरत होता; १८५२ साली त्याला नव्याने पैलू पाडले आणि तो १०५.६ कॅरटवर आला. एवढा दगड कापून टाकणाऱ्या त्या हातांविषयी माझे मत आजही चांगले नाही, पण तेजाचे शास्त्र त्यांना कळले होते हे नाकबूल करता येत नाही.

ह्याच शास्त्राने काचेकडे मोर्चा वळविला. प्रागच्या राजदरबारात सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या पदरी कास्पार लेहमान नावाचा एक रत्नकार होता. स्फटिक कोरण्याची चाके आणि तंत्र त्याने काचेवर चालविले, आणि १६०९ साली सम्राटाने त्याला त्या कामाची सनद दिली. आपल्या देवळांत आणि वाड्यांत टांगलेल्या हंड्या-झुंबरांची वंशावळ शोधीत गेले तर ती बहुधा ह्या गृहस्थाच्या जवळपास जाऊन पोहोचते. पुढे १६७४ साली इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने काचेत शिसे घालण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. शिशाची काच जड, मऊ आणि कापावयास सोपी. शिवाय प्रकाश तीत अधिक वाकतो.

प्रकाश वाकतो म्हणजे काय, हे वर्गात सांगताना मी झुंबराचा एक सुटा लोलक हातात घेतो. मराठीत एक सोय फार चांगली आहे: झुंबराला लोंबतो तो लोलक, आणि प्रयोगशाळेत ज्यातून सप्तरंग दिसतात तोही लोलकच. किरण हवेतून काचेत शिरला की दिशा बदलतो. बाहेर पडताना पृष्ठभागाशी फारच तिरपा आदळला तर बाहेर न पडता आतल्या आत उलटा फिरतो. साध्या काचेत लंबापासून सुमारे ४२ अंशांच्या पलीकडे तिरपा झालेला किरण असा कैद होतो. हिऱ्यात सुमारे साडेचोवीस अंशांच्या पलीकडचा प्रत्येक किरण. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, साध्या काचेचा दीडच्या आसपास. म्हणून हिऱ्यातला प्रकाश आत दोनचारदा आपटून, रंग फुटून, नेमका पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. काचेला हे देणे निसर्गाने कमी दिले आहे. ते भरून काढावयाचे तर कोन अचूक हवा, धार स्वच्छ हवी, आणि पैलूचा तळ पाण्यासारखा नितळ हवा. हिऱ्यावर वेडावाकडा पैलू पडला तरी तो थोडाफार चमकतो. काच तेवढी उदार नाही. तिच्यावर केलेली चूक तशीच दिसत राहते.

आता एदोकडे वळू. १८३४ साली एदोतील कागाया क्यूबेई नावाच्या काच-व्यापाऱ्याने काचेच्या भांड्यावर वाळूने घासून नक्षी काढली, तेथून एदो किरिकोचा आरंभ मानतात. ही वाळू म्हणजे कोंगोशा. 'कोंगो' हा वज्र ह्या आपल्या शब्दाचा जपानी पर्याय, 'शा' म्हणजे वाळू, वज्रवाळूच. आपल्याकडे जे काम कुरुंद करतो तेच तिचे. त्याच सुमारास कोफू गावाजवळच्या डोंगरात सापडणारे स्फटिक लोखंडी पत्र्यावर हीच वाळू टाकून घासण्याची विद्या क्योतोच्या मणिकारांकडून तेथील देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी शिकून घेतली. एकाच वाळूने एकीकडे रत्न घासले जात होते आणि दुसरीकडे काच. दोन्ही कारागिरांच्या हातांना खुपणारे कण एकच होते.

काम कसे चालते तेही सांगतो. भांडे आधी भट्टीत फुंकून घडते. रंगीत हवे असेल तर आत बिनरंगी आणि बाहेर रंगीत असे दोन थर एकमेकांवर चढवितात, निळ्याला कोबाल्ट. मग त्यावर शाईने उभ्याआडव्या रेघांची चौकट आखतात. नक्षीचे चित्र मात्र बहुधा काढीत नाहीत. नुसती चौकट, बाकी सर्व कारागिराच्या डोक्यात. मग फिरत्या चाकाशी भांडे नेतात. जाड धार आधी, बारीक धार नंतर, मग दगडी चाकाने ओरखडे पुसणे, आणि शेवटी लाकूड, बुरूस वा कापडाच्या चाकावर चकाकी. चाकावर सतत पाणी ठिबकत असते. गंमत अशी की, चाक लागते भांड्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कारागीर पाहतो आतून. दोन्ही हातांनी भांडे धरून तोंडाकडून आत डोकावत, काचेच्या पलीकडे चाक कोठे टेकले आहे ते तो न्याहाळतो. चाक हलत नाही. हलतात ते हात. कापलेला कण परत चिकटविता येत नाही. शेवटची रेघ चुकली तर आधीच्या सर्व रेघा वाया.

नक्षीची नावे घरगुती आहेत. माशांच्या अंड्यांची दाटी ती नानाको. टोपलीच्या विणीची डोळी ती कागोमे. अंबाडीसारख्या तंतुवनस्पतीचे पान ते असानोहा. बांबूचे कुंपण ते याराइ. आपल्या पेडण्याच्या बाजारात बांबूच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाईला कागोमे दाखविली तर ती वीण तत्क्षणी ओळखील. रत्नाच्या पैलूंचे शास्त्र आणि टोपलीची वीण एकत्र यावी हे मला ह्या कलेतले सर्वांत मोहक अंग वाटते. पेल्याच्या एका अंगावर कापलेला गोल पैलू भिंगाचे काम करतो आणि समोरच्या अंगावरची सबंध नक्षी आपल्या पोटात लहान करून दाखवितो. पेला फिरविला की एकेका पैलूत एकेक टोपली विणली जाते.

सात्सुमाची कथा निराळी, आणि चटका लावणारी. १८४६ साली शिमाझु नारिओकी यांनी औषधांच्या बाटल्या करण्यासाठी एदोहून योत्सुमोतो कामेजिरो ह्या काच-कारागिराला बोलावून घेतले. त्यांचे पुत्र नारिआकिरा १८५१ साली गादीवर आले. हा पुरुष फार मोठ्या आवाक्याचा. परकी जहाजे दारात येऊ लागली आहेत, तेव्हा विद्या मिळवली नाही तर राज्य जाईल, हे त्यांनी ओळखले, आणि कागोशिमाच्या इसो भागात शुसेइकान नावाचा कारखान्यांचा समूह उभारला. तोफा ओतणे, जहाजे बांधणे, सूत कातणे यांच्याच रांगेत काच. तांब्यापासून लाल रंगाची काच काढण्यासाठी त्यांच्या माणसांनी कितीतरी प्रयोग केले. सात्सुमाच्या भांड्यांवर रंगाचा थर जाड असतो. तो तिरका कापला की रंग गर्द ते फिका असा विरत विरत बिनरंगी काचेत मिसळतो. ह्या छटेला बोकाशी म्हणतात. एदोच्या पातळ थरात रंग जेथे संपतो तेथे एकदम संपतो, सात्सुमात तो मावळतो.

नारिआकिरा १८५८ साली अचानक वारले. खर्चाला कात्री लागली. १८६३ साली इंग्रजी आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या आणि शुसेइकान जळाले. १८७७ च्या सुमारास सात्सुमा किरिको नामशेष झाली. ज्या धोक्याच्या जाणिवेतून कारखाने उभे राहिले त्याच धोक्याने ते पाडले. एका विचारी राजाच्या आश्रयाने वाढलेली कला तो गेल्यावर वीस वर्षेही टिकली नाही. पुढे शंभर वर्षे ती फक्त संग्रहालयांत होती. १९८५ साली कागोशिमातच ती पुन्हा सुरू झाली ती जुन्या भांड्यांची मापे घेऊन, छायाचित्रे अभ्यासून, रंग चुकत-सुधारत. शिकविणारा कोणीच उरला नव्हता. भांडीच गुरू झाली.

एदोची कला मात्र दुकानदाराची, गिऱ्हाइकाची, गल्लीतली होती. तिला राजा नव्हता म्हणून राजा जाण्याचे भयही नव्हते. तिला पुढे गुरू मिळाला. सरकारने शिनागावा येथील काच कारखाना १८७६ साली आपल्याकडे घेतला आणि १८८१ साली एमॅन्युएल हाउप्टमन ह्या इंग्रज कारागिराला बोलावून मूठभर जपानी हातांना चाकावर काच कापण्याची रीतसर विद्या दिली. कारखाना सरकारजवळ फार काळ राहिला नाही, पण ते हात राहिले. त्यांनी दुसरे हात तयार केले. १९२३ चा भूकंप, १९४५ चे बाँबहल्ले ह्यांत टोकियोच्या पूर्वेकडील कारागिरांच्या वस्त्या बेचिराख झाल्या; तरी चाके पुन्हा फिरली. २००२ साली जपान सरकारने एदो किरिकोला राष्ट्रीय पारंपरिक हस्तव्यवसायाचा दर्जा दिला. शिक्षक म्हणून माझे लक्ष त्या मूठभर शिष्यांवर जाऊन थांबते. आपण शाळांच्या इमारती मोजतो, हजेरीपट मोजतो. एका माणसाने काही जणांना हात धरून शिकविले ह्याची नोंद कोठल्या रकान्यात करावी हे कोणी सांगत नाही.

ही विद्या जपानकडून आपल्याकडे आली नाही काय? आली, पण अर्धी. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढण्याची कल्पना मांडली, लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती, आणि ते काचेचे शास्त्र जपान व अमेरिका येथे शिकून आले होते. गोव्याहून गेलेल्या जहाजातून जपानला काच पोहोचली त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे झाल्यावर काचेची विद्या उलट दिशेने सह्याद्रीच्या पायथ्याशी आली. तळेगावला नुसता माल काढावयाचा नव्हता, माणसे तयार करावयाची होती, आणि तेथे शिकलेली माणसे देशभरच्या कारखान्यांत गेली. १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ त्यांची ओगलेवाडी वसली. तेथला प्रभाकर कंदील माझ्या बालपणी आमच्या ओसरीवर होता. संध्याकाळी त्याची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे.

पण पैलू कापण्याची कला तळेगावला रुजली नाही. रुजणार तरी कशी? देशाला तेव्हा हव्या होत्या कंदिलाच्या काचा, बरण्या, औषधांच्या बाटल्या. ज्या घरात दिवाच नाही तेथे झुंबर कोण मागणार? ती निवड योग्यच होती, आणि आज बसून तिला नावे ठेवणे सोपे आहे. फक्त त्यानंतर, दिवे घरोघर आल्यावर, राहिलेला अर्धा भाग आणावयास कोणी गेले नाही, ही रुखरुख वाटते. कच्चा माल नव्हता असेही नाही. हरमलच्या वाळूत चुंबक फिरविला की काळे कण झुबकेदार चिकटतात. त्यांत लोह असते, आणि लोह काचेला हिरवट करते, म्हणून ही वाळू स्वच्छ काचेच्या कामाची नाही. पण आमच्या उत्तरेस कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. वाळू तेथून ट्रक भरभरून जाते. तिच्यावर पैलू पाडणारा हात मात्र आपल्याकडे घडला नाही, आणि रत्नांवर पैलू पाडणारे हात तर आपल्याकडे शतकानुशतके होते.

सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. काच फसवी केव्हा होते? तळ्याच्या वाटेवर तिला 'चंद्रकांत' म्हणून विकली जाते तेव्हा. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज स्ट्रास ह्याने शिशाच्या काचेचे असे खडे केले की ते हिऱ्यासारखे दिसत. ते खडे हिरे म्हणून खपले तर त्यांना खोटे म्हणावे. किरिकोचा पेला मात्र हिरा म्हणून कोणाच्या बोटात जात नाही. रत्नापासून तो पैलू घेतो, पैलूमागचा प्रकाशाचा नियम घेतो, आणि जे रत्नाला जमत नाही ते करतो: त्यात पाणी राहते, ते ओठांना लावता येते, आणि पाणी ओतले की नक्षी निराळी दिसते. हिऱ्याची किंमत निम्मी तो जमिनीतून वर आला तेव्हाच ठरलेली असते. ह्या पेल्याची सगळी किंमत हातांनी घातलेली आहे. मग ह्यातले जास्त खरे कोणते, ते तिने मोठी झाल्यावर ठरवावे.

हे सारे जपानपुरते राहिले असते तर मी एवढे लिहिलेही नसते. आपल्या गोमंतकातील देवळांच्या सभामंडपांत हंड्या आणि झुंबरे आहेत. मंगेशीची झुंबरे तर बाहेरगावचे लोक मुद्दाम मान वर करून पाहतात. लहान गावांच्या देवळांतही कोणा मुंबईकर भाविकाने, कोणा भाटकाराने नवस फेडताना दिलेली एकदोन असतात. नूतनीकरणाच्या लाटेत ती खाली उतरतात. एका देवळात (नाव सांगत नाही) जुने झुंबर उतरवून त्या जागी प्लॅस्टिकच्या लोलकांचे नवे लावले. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "काचच ती, सर. सोने थोडेच आहे!" लोलक गोणत्यात भरले होते. गोणते!

ज्यांच्या देवळात वा घरात असे काही असेल त्यांनी एवढे पाहावे. लोलकाच्या वा पेल्याच्या कडेवरून अंगठा हलकेच फिरवावा. चाकावर कापलेली कड धारदार, जवळजवळ बोचणारी लागते. साच्यात दाबून काढलेल्या काचेची कड बोथट असते आणि बहुधा कोठेतरी साच्याचा सांधा रेघेसारखा दिसतो. प्लॅस्टिक हाताला कोमट आणि हलके लागते. कापलेली काच राखेने किंवा घासणीने कधीही पुसू नये. लोलक एकेक सुटा करून कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ कापडाने धुवावा, खाली टॉवेल अंथरून. फार गरम पाणी एकदम घालू नये. जुन्या पितळी तारा बदलताना लोखंडी घालू नयेत. समुद्राच्या हवेत त्या गंजतात, तुटतात, आणि लोलक फरशीवर येतो.

त्या गोणत्यातले लोलक आम्ही काढून धुतले. नववीच्या मुलांनी ते आकारांप्रमाणे लावून मोजले: बदामी, पानाचे, लांब तिधारी. एकंदर एकशे छत्तीस निघाले. पितळी सांगाड्याची भोके मोजल्यावर चौदा कमी आहेत असे दिसते. झुंबर सध्या भटजींच्या घरी माळ्यावर दोन खोक्यांत आहे, आणि चौदा लोलक मिळाले तर पुन्हा टांगण्यास समितीची हरकत नाही. माप आणि नमुना देऊन तसे लोलक कापून देणारा कारागीर वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असल्यास त्यांनी शाळेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.